डेझबा अजून हसलेली नाही

३ सप्टेंबर, मंगळवार

शी. सुरुवातच या शब्दाने करतो, म्हणजे पुढे शाई वाचेल.

सकाळी जीपच्या सीटखाली अर्धवट खाल्लेलं केळं सापडलं. परवाच्या टुरिस्टांचं. माणसं एवढ्या लांबून विमानाने येतात, नवाहोंची दरी बघायची, कड्यातली प्राचीन घरं बघायची म्हणून, आणि जाताना केळं ठेवून जातात. मी गाईड. दरी दाखवतो, केळी उचलतो.

असो. मुद्द्याचं लिहितो. नात डेझबा तीन महिन्यांची होत आली, अजून हसलेली नाही. झोपेत ओठ हलवते ते धरायचं नाही. समोरच्याकडे बघून, आवाज करून हसायला हवं. आमच्यात बाळाला पहिल्यांदा जो हसवेल त्याने गावाला जेवण घालायचं आणि बाळाच्या मुठीने पाहुण्यांना मीठ वाटायचं. ज्याच्याकडे बघून बाळ हसतं त्याचा स्वभाव बाळात उतरतो. म्हणजे हे काम कुणा सोम्यागोम्याच्या हातात जाऊन चालणार नाही. विल्बर्ट एत्सिटी, म्हणजे मी, हे काम या आठवड्यात करणार. संकल्प.

दरीतला सगळ्यात विनोदी गाईड म्हणून माझं नाव आहे. मीच पसरवलं असलं तरी आहे.

अडचण एकच. लेक शांडीन बाळाला घेऊन दरीच्या तळाशी, माझ्या सासूबाईंच्या शेतावर राहिली आहे. पीच उतरवून वाळत घालायचे दिवस. आणि सासूबाईंचं तोंड मी बघायचं नाही, माझं त्यांनी बघायचं नाही. जुनी रीत. हल्लीचे जावई पाळत नाहीत, सासूच्या शेजारी सोफ्यावर बसून चिप्स खातात. किळस येते. आम्ही पाळतो. लग्न झाल्यापासून सासूबाई मी पाहिलेल्या नाहीत. पूर्वी सासवा घुंगरू बांधायच्या, जावयाला आधीच कळावं म्हणून. आता मी कॉटनवूडच्या झाडांपाशी वळणावर जीपचा हॉर्न वाजवतो, लांबलचक. त्या मागच्या बागेत निघून जातात, मग मी घरात शिरतो. शिस्तीचा कारभार.

उद्यापासून आठवडाभर एकच गिऱ्हाईक. ओहायोहून आलेल्या कुणी डॉक्टर प्रुइट, दातांच्या. रिटायर झाल्यात. कड्यातल्या घरांची चित्रं काढायची आहेत म्हणे. फोन आहेत ना फोटो काढायला. पण नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

प्रुइटबाई आल्या. अंगाला सनस्क्रीनचा वास, खोबऱ्याची वडी उन्हात विसरल्यासारखा. जीपमध्ये बसल्या बसल्या हसायला लागल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, किती छान आहे सगळं! अजून पार्किंगमध्येच होतो.

जुन्या घरांखाली जीप लावली. माझा खास जोक टाकला, की एवढं उंच घर बांधून ते लोक सोडून का गेले ठाऊक आहे का? तर पार्किंग नव्हतं. प्रुइटबाई 'का गेले' पाशीच हसल्या. पूर्ण ऐकून घेतलंच नाही. पार्किंगला फक्त मान हलवली. अशा माणसांसमोर कला करायची म्हणजे वाळूत पाणी ओतायचं.

दुपारी शेताकडे गेलो. वळणावर हॉर्न. प्रुइटबाईंना जीपमध्येच बसायला सांगितलं. घरात गेलो तर डेझबा झोपलेली, लाकडी फळीच्या पाळण्यात गुंडाळून, भिंतीला टेकवलेली. शांडीन म्हणाली, बाबा, आत्ताच डोळा लागला हो, थोडं आधी यायला हवं होतं.

उद्या थोडं आधी.

५ सप्टेंबर, गुरुवार

थोडं आधी गेलो. झोपलेली. शांडीन म्हणाली, अरेरे, आत्ताच.

त्याआधीचं लिहितो, कारण राग तिथला आहे. प्रुइटबाईंनी विचारलं, वर चढून त्या घरांत जाता येईल का? मी जीप थांबवली, इंजिन बंद केलं आणि सुनावलं. म्हटलं, बाई, ती मेलेल्यांची घरं. आम्ही तिथे पाय ठेवत नाही, बोट दाखवत नाही, तिथली खापरी उचलत नाही. प्रत्येक ठिकाणची एक रीत असते. इथे आल्यावर आम्ही करतो तसं करायचं. मग बोलता बोलता सासूबाईंची रीतही सांगितली, होगनमध्ये, म्हणजे आमच्या गोल घरात, शिरल्यावर सूर्याच्या वाटेनेच, डावीकडूनच फिरायचं, उलट पावली निघायचं नाही, तेही सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, विल्बर्ट, तुम्ही किती आदराने जगता. मी करेन हो तुमच्यासारखंच, अगदी तुमच्यासारखंच.

जरा बरं वाटलं. पण लगेच त्यांनी केळं काढलं.

परतीला म्हटलं, आज नेहमीची वाट नको, पाण्यातून शॉर्टकट दाखवतो, हा फक्त जुन्या गाईडना माहीत आहे. जीप वाळूत आसापर्यंत रुतली. वाळूचा दोष. गेल्या महिन्यातल्या पावसाने वाळूचा स्वभाव बदललाय, कुणी कळवत नाही. प्रुइटबाई गुडघाभर चिखलात उतरून मागून ढकलत होत्या आणि हसत होत्या. दाताच्या डॉक्टरला एवढं हसायचं कारण काय? आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावलं, आता स्वतःचं बंद होत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

जागी होती! हॉर्न वाजला नव्हता, वायर सुटली होती. म्हणून आधीच हाका मारत गेलो, विल्बर्ट येतोय, विल्बर्ट येतोय. सासूबाई बागेत पळाल्या असाव्यात, घाईत दाराशी चप्पल राहिली होती. मी चपलेकडेही पाहिलं नाही. उजव्या पायाची होती.

बकऱ्याचा आवाज काढला. डेझबा बघत राहिली. टोपी उडवून झेलली. बघत राहिली. टोपी चुलीवरच्या पातेल्यात पडली, ते वेगळं. मग पार्किंगचा जोक सांगितला, आधी नवाहोत, मग इंग्रजीत. पोरीने जांभई दिली. तीन महिन्यांचं बाळ एवढी मोठी जांभई देतं कसं!

पण शेवटी ओठाचा डावा कोपरा हलला. मी स्वतः पाहिलं. हे जवळजवळ हसूच. शांडीनला म्हटलं, धर हे. ती म्हणाली, बाबा, गॅस आहे. मी म्हटलं, गॅस खालून जातो. तेवढ्यात तोही गेला.

घरी येऊन अर्लीनला सांगितलं, की बायको, नव्वद टक्के काम झालंय, मेंढा बघून ठेव. अर्लीन भांडी घासत होती, वळलीच नाही. म्हणाली, विल्बर्ट, कोपरा धरत नाहीत. दोन्ही कोपरे आणि आवाज. आणि तू कशाला एवढा जिवाचा आटापिटा करतोस, पोरगी हसेल तेव्हा हसेल.

बायकोचा पाठिंबा मोठा आधार असतो असं लोक म्हणतात. मला अनुभव नाही.

वायर जोडली. उद्यापासून हॉर्न चालू.

७ सप्टेंबर, शनिवार

झोपलेली!!!

आता ऐका. ऐका कुणाला म्हणतोय मी, वही माझीच आहे. तरी ऐका.

प्रुइटबाई आज दुपारी चित्र काढायला शेताच्या कुंपणाशी बसल्या होत्या, मी जीप घेऊन पाणी भरायला गेलो होतो. परतताना वळणावर हॉर्न वाजवला. घरात गेलो, डेझबा डाराडूर. निघाल्यावर बाई जीपमध्ये बसल्या आणि कौतुकाने सांगायला लागल्या, विल्बर्ट, तुमची ही रीत किती गोड आहे! तुमचा हॉर्न वाजला की आजी बाळाला घेऊन अंगाई म्हणतात, पाळणा हलवतात, बाळ झोपलं की मग हळूच बागेत जातात. मी रोज जीपमधून ऐकते. हासुद्धा परंपरेचाच भाग असेल ना?

परंपरा! तोंडात वाळू गेल्यासारखं झालं मला. म्हणजे ही म्हातारी, जिचं तोंड न बघण्यासाठी मी उभा जन्म मान वळवली, ती माझाच हॉर्न ऐकून माझ्याच नातीला झोपवते. म्हणजे हे हसू तिला स्वतःला हवंय. डेझबात स्वतःचा स्वभाव उतरवायचाय. गुपचूप अंगाई म्हणणारा स्वभाव. शी शी शी.

काय करावं? तक्रार करता येत नाही, बोलायची सोय नाही. भांडता येत नाही, भांडायला समोर बघावं लागतं. रीत किती एकतर्फी असते ते अशा वेळी कळतं.

संकल्प: उद्या हॉर्न वाजवणार नाही.

८ सप्टेंबर, रविवार, सकाळी

योजना पक्की. जीप झाडांच्या अलीकडेच ठेवायची. चालत जायचं. या वेळेला सासूबाई बागेत पीच पसरत असतात, म्हणजे तोंड दिसायचा प्रश्नच नाही. डेझबा जागी. मी आत. बकरा, टोपी, पार्किंग. हसू. उद्या मेंढा. प्रुइटबाईंना जीपमधून हलायचं नाही अशी ताकीद. यात चुकण्यासारखं काही नाही. दोनदा तपासलं.

८ सप्टेंबर, संध्याकाळी

गुडघा सुजलाय. अंगाला पीचचा गर. लिहावंसं वाटत नाही, पण उद्या लोक काहीबाही सांगतील, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

सासूबाई बागेत नव्हत्या. घरात होत्या. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि समोर स्कर्ट. स्कर्टच्या वर मी पाहिलं नाही, देवाशपथ. टोपी ओढून नाकापर्यंत घेतली. त्यांनीही एप्रन डोक्यावरून घेतला असणार, कारण पिठाचा लोट माझ्या अंगावर आला.

आता होगनला दार एकच, पूर्वेचं. मी टोपीसकट मागे फिरलो असतो तर संपलं असतं. पण आत शिरल्यावर उलट पावली निघायचं नाही ना! म्हणून मी रीतीप्रमाणे डावीकडून निघालो, चुलीला वळसा घालून दारापर्यंत यायला. सासूबाईही रीतीच्या पक्क्या. त्याही सूर्याच्या वाटेनेच निघाल्या. मी आंधळा पुढे, त्या आंधळ्या मागे. दार आलंय वाटून मी चाचपलं तर कपाट. त्या बाहेर गेल्या असतील म्हणून थांबलो, त्या मागून येऊन आदळल्या. मग त्या पुढे, मी मागे. चुलीभोवती किती वेढे घातले देव जाणे. उलट फिरायला दोघांपैकी एकही तयार नाही. एवढा रीतीचा आदर अख्ख्या दरीत कुणी केला नसेल. मग माझा पाय पीचच्या सुपात पडला आणि मी बसलो. सुपातच.

आणि डेझबा हसली.

खळखळून. दोन्ही कोपऱ्यांनी, आवाजाने. टोपीच्या आतून ऐकलं मी.

मी तिथूनच ओरडलो, माझं! माझं हसू! एप्रनच्या आतून सासूबाई शांडीनला म्हणाल्या, त्याला सांग, माझं. शांडीन म्हणाली, बाबा, आजी म्हणते तिचं. मी म्हटलं, तिला सांग, सुपात कोण बसलंय? शांडीन म्हणाली, आजी, ते विचारतात सुपात कोण बसलंय. सासूबाई म्हणाल्या, त्याला सांग, सूप कुणाचंय? घर एवढंसं, सगळं सगळ्यांना ऐकू येतंय, पण निरोप मात्र शांडीनमार्फतच.

तेवढ्यात डेझबा पुन्हा हसली. आम्ही दोघंही हललो नव्हतो.

शांडीनने पाळण्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, बाबा, आजी, तुम्हा दोघांकडे नाही बघत ती. पाळणा दाराकडे तोंड करून ठेवलाय.

दारात प्रुइटबाई. जीपमधून हलू नका सांगितलं होतं, पण माझी टोपी वाऱ्याने जाईल म्हणून तिची दोरी घेऊन मागे आल्या. आत दोघं तोंड झाकून फिरताना दिसले. बाईंना वाटलं इथली रीत, आपणही पाळावी. म्हणून त्यांनीही दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग संपलं का बघायला हात काढले. संपलं नाही म्हणून परत झाकलं. परत काढले. डेझबा त्यांच्याकडे बघून हसत होती, जीव तोडून हसत होती. त्यांनी अगदी माझ्यासारखंच केलं होतं. शब्द पाळला बाईंनी.

९ सप्टेंबर, सोमवार

हे हसू धरता येणार नाही. कारणं: बाई ओहायोच्या. हसवायचा हेतू नव्हता. परवाना फक्त दरी बघण्याचा.

अर्लीनला कारणं सांगितली. ती म्हणाली, धरलं. आईलाही पसंत आहे. बाईंनीही आनंदाने होकार दिलाय, रडल्या म्हणे, मेंढा कुठे मिळतो विचारत होत्या. आणि बाई किती हसतमुख आहेत, चिखलात उतरून ढकलतात, कुरकुर नाही. डेझबात तसं काही उतरलं तर सोन्याहून पिवळं.

मी म्हटलं, आणि तुझी आई? चोरून अंगाई म्हणणारी? तिला हवं होतं ना ते हसू?

अर्लीनने हात पुसले. मग म्हणाली, आईला काही नको होतं. अंगाई माझी कल्पना. शांडीनलाही ठाऊक होतं. हे बघ विल्बर्ट, मी तुझ्याबरोबर सुखाने संसार केलाय, पुढेही करेन. पण घरात तू एक आहेस तेवढा पुरे. कुणीही हसवू दे, मेंढीही चालेल, फक्त तू नको, एवढंच आमचं सगळ्यांचं म्हणणं होतं.

जेवलो नाही. नंतर जेवलो.

विचार केल्यावर लक्षात आलं की ती मला एकमेव म्हणाली. तिला ते नीट सांगता आलं नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

जेवण झालं. शेतावरच. चिनली गावातून सगळं गणगोत आलं. खाणं कुणी दुसरा घालतोय म्हटल्यावर येणारच.

सासूबाई घरात, म्हणून मी बाहेर, घराच्या मागे, मटणाच्या बरगड्यांवर नेमणूक. धूर सगळा माझ्याकडे. आत प्रुइटबाईंनी डेझबाला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत मिठाचे खडे देऊन एकेका पाहुण्याच्या हातावर ठेवायला लावले. शांडीन शिकवत होती. मध्येच सगळे हसले. सासूबाईपण हसल्या असाव्यात, एक आवाज ओळखीचा नव्हता. भिंतीपलीकडून सगळं छान ऐकू येतं.

लोक बाहेर येऊन मला सांगायचे, नशीबवान आहे पोर, काय लाघवी बाई आहे! मी बरगड्या उलटत होतो. मीच आणली होती ती बाई, माझ्या जीपमधून. हे कुणाच्या लक्षात नाही.

शेवटी शांडीन डेझबाला घेऊन मागे आली. म्हणाली, बाबा, तुमचं मीठ राहिलंय. अर्लीनही पळी घेऊन आली, प्रुइटबाई तिच्या मागून. डेझबाची मूठ माझ्या हातावर उघडली. एक खडा. मी म्हटलं, आता कसली भीती, हसू तर होऊन गेलं. बकऱ्याचा आवाज काढला. मनापासून काढला, कधी नव्हे इतका चांगला निघाला.

डेझबाने माझ्याकडे पाहिलं. आधी एक नाकपुडी वर गेली. मग खालचा ओठ पुढे आला. भुवया जवळ आल्या. तिने मला टोपीपासून बुटापर्यंत एकदा नीट बघून घेतलं आणि फुस्सकन श्वास सोडून मान फिरवली.

अर्लीनच्या हातातली पळी वाकडी झाली, रस्सा बुटावर सांडला. ती एवढंच म्हणाली, अगं बाई, हुबेहूब विल्बर्ट. शांडीन पोरीकडे बघे, माझ्याकडे बघे, परत पोरीकडे. आतून सासूबाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं? त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

मी असा दिसतो? इतकी वर्षं ही माणसं रोज सकाळी चहाबरोबर हे तोंड बघतायत?

रोजनिशीत खोटं कशाला लिहू, मला हसू आलं. आवरेना. धूर आणि हसू मिळून डोळ्यांतून पाणी यायला लागलं, अर्लीनच्या खांद्याला धरून हसलो. प्रुइटबाईंना काय झालं ते कळलं नाही, पण त्याही हसल्या.

डेझबाला ते मुळीच आवडलं नाही. ती भेदरून रडायला लागली, काही केल्या थांबेना, तेव्हा तिला माझ्यापासून उचलून आत नेलं. थोड्या वेळाने अंगाई ऐकू आली.

बरगड्या एका बाजूने करपल्या होत्या. तीच बाजू खाल्ली.